यलोनाइफ ते इकालुइट: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ स्वतः कसा काढायचा

यलोनाइफ ही कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी आणि इकालुइट ही शेजारच्या नुनावुतची. दोन्ही शहरं आर्क्टिक वृत्ताच्या जरा खाली, जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. यलोनाइफला दक्षिणेकडून गाडीने जाता येतं. २०१२ साली मॅकेन्झी नदीवर डेह चो पूल झाला आणि तिथली फेरीबोटीची किंवा बर्फावरच्या रस्त्याची वाट बघणंही संपलं. इकालुइटला मात्र बाहेरून एकही रस्ता जात नाही. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की मालाची जहाजं येतात, माणसं विमानानेच ये-जा करतात.

उत्तरप्रकाश बघायला यलोनाइफला जाणारे आता आपल्याकडेही बरेच आहेत. एडमंटन, कॅलगरी, टोरांटोला स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कुणाला उत्तरेत कंत्राटी नोकरीची संधी येते, मग पहिला प्रश्न पडतो की तिथे पोचायला लागतो तरी किती वेळ. नेटवर शोधलं तर एका क्षणात उत्तर मिळतं: इतके किलोमीटर, इतके तास. त्यातले किलोमीटर बहुतेक वेळा बरोबर असतात, पण तास म्हणजे त्या किलोमीटरांना आठशे-साडेआठशेने भागून काढलेला आकडा असतो. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर हा भागाकार एकवेळ चालून जातो. उत्तरेत तो साफ फसतो, कारण तिथे वेळ ठरवणाऱ्या गोष्टी अंतरापेक्षा वेगळ्याच असतात. म्हणून हा हिशोब एकदा मुळापासून करू. एकदा जमला की जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांसाठी वापरता येईल.

पहिली पायरी: विमानतळ नेमका कोणता आणि तो कुठे आहे

शहराचे नाही, विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्या. त्यासाठी तीन अक्षरी कोड हाताशी ठेवा. यलोनाइफचा कोड वायझेडएफ आणि इकालुइटचा वायएफबी. इकालुइटच्या कोडमधला एफबी कुठून आला असा प्रश्न पडेल. १९८७ पर्यंत या गावाचं अधिकृत नाव फ्रोबिशर बे होतं. नाव बदललं, कोड तोच राहिला. उत्तरेतल्या बऱ्याच गावांची जुनी इंग्रजी नावं जाऊन इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, नावं परत आली आहेत, त्यामुळे जुन्या नकाशात आणि नव्या तिकिटात एकच गाव दोन नावांनी भेटतं. नावाची शंका आली तर कोड जुळवून बघा.

यलोनाइफ विमानतळ आहे ६२.४६३ उत्तर, ११४.४४० पश्चिम इथे आणि इकालुइट ६३.७५६ उत्तर, ६८.५५६ पश्चिम इथे. तुमच्याकडचे आकडे अंश-मिनिटं-सेकंद अशा रूपात असतील तर मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवा. पश्चिम रेखांश उणे धरायचे. इथे दोन्ही पश्चिमेचेच असल्यामुळे चिन्ह विसरलात तरी निभावेल, पण एक विमानतळ पूर्व गोलार्धातला असेल तर अंतर काहीच्या काही येईल.

दुसरी पायरी: अंतर

आधी पट्टी घेऊन नकाशावर मोजायचा मोह आवरा. फोनवरचे बहुतेक सपाट नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात आणि ६३ अंशांवर ते जमीन सव्वादोन पट ताणून दाखवतात. दोन्ही विमानतळांच्या रेखांशांत जवळपास ४६ अंशांचा फरक आहे. विषुववृत्ताच्या मापाने मोजला तर तो ५,१०० किलोमीटर होतो. पण वर सरकत गेलं की रेखांश एकमेकांच्या जवळ येतात. एका रेखांश-अंशाला मुंबईच्या उंचीवर सुमारे १०५ किलोमीटर पडतात, यलोनाइफ-इकालुइटच्या उंचीवर जेमतेम ५०. म्हणजे तोंडी अंदाज झाला ४६ गुणिले ५०, साधारण २,३०० किलोमीटर. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढचं गणित चुकलं तर लगेच कळेल.

आता नीट हिशोब. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस. त्याची लांबी काढायला हॅव्हरसाइन सूत्र सोयीचं पडतं.

अक्षांशांतला फरक १.२९३ अंश. त्याचा निम्मा घ्या, त्याची साइन काढा, वर्ग करा: ०.०००१३.

रेखांशांतला फरक ४५.८८४ अंश. निम्मा २२.९४२, त्याची साइन ०.३८९८, वर्ग ०.१५१९४.

दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन, म्हणजे ०.४६२३ आणि ०.४४२२, यांचा गुणाकार ०.२०४४४. त्याने वरच्या ०.१५१९४ ला गुणा: ०.०३१०६.

त्यात पहिला वर्ग मिळवा: ०.०३११९. वर्गमूळ ०.१७६६. त्याची व्यस्त साइन ०.१७७५४ रेडियन. दुप्पट करा आणि पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, ६,३७१ ने, गुणा. उत्तर २,२६२ किलोमीटर.

स्प्रेडशीटमध्ये हे करताना हमखास एक घोळ होतो. तिथली साइन-कोसाइनची फलनं रेडियन मागतात आणि आपण अंश भरतो. उत्तर येतं, दिसायला आकडा असतो, पण त्याला अर्थ नसतो. आधी अंशांचे रेडियन करून घ्या.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. चपटेपणा धरून हिशोब करणारी साधनं हेच अंतर २,२७० च्या आसपास देतात. आठ-दहा किलोमीटर म्हणजे विमानाचं एक मिनिटही नाही, तेव्हा कुठला आकडा खरा यावर वाद घालत बसू नका. मी पुढे २,२७० धरतो.

इंग्रजी साधनांत हे अंतर कधी मैलांत, कधी सागरी मैलांत दिसेल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ चा. यांत गल्लत झाली की १५ टक्क्यांची चूक होते.

तिसरी पायरी: सरळ रेषा कुठून जाते आणि विमान कुठून जातं

इथे मामला रंगतो. दोन्ही विमानतळ जवळपास एकाच अक्षांशावर, तेव्हा सरळ पूर्वेला उडत राहिलं की झालं, असं वाटतं. तसं गेलात तर सुमारे ५० किलोमीटर जास्त पडतात. जवळचा मार्ग यलोनाइफहून ईशान्येच्या अंगाने, खऱ्या उत्तरेपासून ६६ अंशांवर, निघतो. मध्यावर तो ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि इकालुइटला उतरताना आग्नेयेकडे झुकलेला, १०७ अंशांवर, असतो. वैमानिकाने काहीही न वळवता दिशा मात्र ४१ अंशांनी बदललेली असते. घरी पृथ्वीगोल असेल तर दोन गावांवर दोरा ताणून धरा, ही कमान डोळ्यांनी दिसेल.

उत्तरेपासूनचे हे अंश खऱ्या उत्तरेपासूनचे आहेत, होकायंत्रातल्या उत्तरेपासूनचे नाहीत. चुंबकीय ध्रुवाच्या जवळपास होकायंत्रावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून कॅनडाच्या उत्तरेकडच्या हवाई क्षेत्रात दिशा खऱ्या उत्तरेवरून सांगायची पद्धत आहे.

पण प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की या मार्गावरचं विमान बहुधा त्या सुंदर कमानीवरून जात नाहीच. ते रँकिन इनलेटला थांबतं. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव, कोड वायआरटी, नुनावुतच्या किवालिक भागाचं हवाई केंद्र आहे. कमानीचा मध्यबिंदू या गावाच्या जवळपास थेट उत्तरेला, २४० किलोमीटरवर पडतो. तरीही रँकिनला वळसा घालण्याने किती अंतर वाढतं? यलोनाइफ-रँकिन सुमारे १,१४०, रँकिन-इकालुइट सुमारे १,१८०, मिळून २,३२०. म्हणजे फक्त ५० किलोमीटर जास्त, सुमारे दोन टक्के.

वेळ किती वाढतो ते पुढे बघू. तिथे दोन टक्क्यांचा संबंध उरत नाही.

उत्तरेतली विमानसेवा आपल्या एसटीसारखी चालते: वाटेतली गावं घेत घेत, माणसांबरोबर मालही उतरवत. पुढच्या भागात माल आणि मागे प्रवासी अशी अर्धी-अर्धी विमानं तिथे सर्रास वापरली जातात. तेव्हा तिकीट काढताना 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' यांतला फरक तपासा. एकच फ्लाइट नंबर असेल तर तिला डायरेक्ट म्हणतात, पण ती वाटेत एकदा किंवा दोनदा उतरू शकते. थांब्यांची संख्या तपशिलात लिहिलेली असते, तेवढी ओळ उघडून वाचा.

चौथी पायरी: किलोमीटरांचे तास

बोइंग ७३७ सारखं जेट वर स्थिरावल्यावर ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्के गतीने जातं. हवा उणे ५६ अंशांवर असेल तर हा वेग ताशी ८२८ किलोमीटरच्या आसपास भरतो. थंड हवेत ध्वनीचाच वेग कमी होतो. त्यामुळे बाहेर उणे ६५ असेल तर ध्वनीच्या वेगाच्या त्याच ७८ टक्क्यांवर विमान ताशी ८१२ ने जातं. फरक मोठा नाही, पण हिवाळ्यात काही मिनिटं का वाढतात त्याचं एक कारण हे आहे.

चढताना आणि उतरताना हा वेग नसतो. त्यासाठी दर उड्डाणामागे १५ मिनिटं धरा. गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर परत यायला आणखी १०. म्हणजे जेटसाठी दर टप्प्याला २५ मिनिटांचा स्थिर खर्च. वेळापत्रकात छापलेला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, फक्त हवेतला नव्हे, म्हणून ही भर घातल्याशिवाय तुमचा आकडा आणि तिकिटावरचा आकडा जुळणार नाही.

आता तीन हिशोब शेजारी ठेवून बघा.

जेट न थांबता गेलं तर: २,२७० भागिले ८२८ म्हणजे २ तास ४५ मिनिटं, अधिक २५. एकूण ३ तास १० मिनिटं.

तेच जेट रँकिनला थांबून: पहिला टप्पा १ तास ४८ मिनिटं, दुसरा १ तास ५० मिनिटं, मध्ये ४५ मिनिटांचा थांबा. एकूण साधारण ४ तास २५ मिनिटं.

दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप असेल, उदाहरणार्थ एटीआर ४२, आणि वेग ताशी ५०० धरला तर: चढ-उतार आणि जमिनीवरचा वेळ इथे टप्प्याला २० मिनिटं पुरे. दोन्ही टप्पे मिळून ५ तास २० मिनिटं, अधिक थांबा. एकूण सहा तासांच्या वर.

अंतर तेच, गावं तीच, आणि वेळ सव्वातीन तासांपासून सहा तासांपर्यंत. ५० किलोमीटरच्या वळशाने जेटचा सव्वा तास खाल्ला, कारण तो वेळ वळशाचा नव्हताच, पुन्हा उतरण्या-चढण्याचा आणि थांबण्याचा होता. म्हणून माझ्या मते तिकीट बघताना किमतीच्या खालोखाल विमानाचा प्रकार बघावा. तो तपशिलात दिलेला असतो आणि बहुतेक लोक तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

पाचवी पायरी: वारा

या अक्षांशांवर उंचावरचा वारा जास्त करून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. यलोनाइफहून इकालुइटला जाताना तो पाठीशी, परतताना तोंडावर. समजा वारा ताशी ६० किलोमीटरचा आहे. जेटचा जमिनीवरून मोजलेला वेग जाताना ८८८, येताना ७६८ होईल. २,३२० किलोमीटरांसाठी जाताना २ तास ३७ मिनिटं, येताना ३ तास १ मिनिट. फरक २४ मिनिटांचा.

टर्बोप्रॉपला तेवढाच वारा लागला तर ५६० आणि ४४०. जाताना ४ तास ९ मिनिटं, येताना ५ तास १६ मिनिटं. फरक तासाहून जास्त. विमान जितकं संथ तितका वारा त्याला जास्त जाचतो. टर्बोप्रॉप खालून उडतं आणि तिथला वारा सहसा सौम्य असतो, ही त्यातली जमेची बाजू.

वाऱ्याचा अंदाज जमत नसेल तर सोपा उपाय आहे. फ्लाइटअवेअर किंवा फ्लाइटरडार२४ वर त्या फ्लाइटच्या मागच्या काही दिवसांच्या फेऱ्या उघडा आणि प्रत्यक्ष निघण्या-पोचण्याच्या वेळा बघा. मात्र निर्मनुष्य टुंड्रावर जमिनीवरचे रिसीव्हर विरळ असतात. त्यामुळे मधला मार्ग काही वेळा निव्वळ अंदाजाने जोडलेला असतो. वेळांवर विश्वास ठेवा, नकाशावरच्या रेषेवर फार नको.

सहावी पायरी: घड्याळ

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. यलोनाइफ माउंटन वेळेवर चालतं, रँकिन इनलेट सेंट्रल वेळेवर, इकालुइट ईस्टर्न वेळेवर. म्हणजे इकालुइटचं घड्याळ यलोनाइफच्या दोन तास पुढे, आणि रँकिन दोघांच्या मध्ये.

विमान यलोनाइफहून सकाळी ८:०० ला निघालं आणि ४ तास २० मिनिटं लागली, तर इकालुइटच्या भिंतीवर १४:२० वाजलेले दिसतील. तिकिटावर ८:०० ते १४:२० वाचून कुणालाही वाटेल की सव्वासहा तासांचा प्रवास आहे. परतीला इकालुइटहून १५:०० ला निघून, उलट्या वाऱ्यात ४ तास ४० मिनिटं घेऊन, यलोनाइफला १७:४० ला उतराल. कागदावर २ तास ४० मिनिटं! यातून 'परतीचं विमान फास्ट आहे' असा शोध लावणारे भेटतात. प्रत्यक्षात परतीला २० मिनिटं जास्तच लागली.

याला खात्रीचा उपाय एकच. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, बदला, मग वजाबाकी करा. हिवाळ्यात यलोनाइफच्या वेळेत ७ तास मिळवायचे, रँकिनच्या वेळेत ६, इकालुइटच्या वेळेत ५. उन्हाळी वेळ लागू असताना, म्हणजे घड्याळं एक तास पुढे केलेली असताना, प्रत्येकी एक तास कमी. नुनावुतमधलंच कोरल हार्बर हे गाव उन्हाळी वेळ पाळत नाही, वर्षभर ईस्टर्न स्टँडर्डवरच राहतं. पुढचा प्रवास तिकडे असेल तर जपून. आणि घरी पुण्याला पोचल्याचा फोन करायचा असेल तर हेही बघून ठेवा: हिवाळ्यात इकालुइटला दुपारचे १४:२० म्हणजे भारतात मध्यरात्र उलटून ००:५० झालेले असतात.

दक्षिणेचा वळसा कधी परवडतो

उत्तरेतून आडवी जाणारी फेरी मुंबई-दिल्लीसारखी दिवसातून दहादा नसते. तुमच्या तारखेला ती नसली की बुकिंगची संकेतस्थळं भलताच मार्ग सुचवतात: यलोनाइफहून एडमंटन, तिथून ओटावा, तिथून इकालुइट. अंतर सुमारे १,०२०, २,८५० आणि २,१००, मिळून ६,००० किलोमीटरच्या घरात. सरळ अंतराच्या अडीचपटीहून जास्त. वरच्याच पद्धतीने हिशोब केला तर नुसते विमानातले तास साडेआठच्या आसपास येतात. दोन ठिकाणी विमान बदलायला दीड-दीड तास धरला तरी साडेअकरा तास. एडमंटन-ओटावा थेट न मिळता टोरांटोमार्गे जावं लागलं तर आणखी जास्त. ओटावा-इकालुइटची वेळ जुळली नाही तर रात्र ओटावात काढावी लागते.

तरीही हा मार्ग मी सरसकट वाईट ठरवणार नाही. मोठ्या विमानतळावर अडकलात तर हॉटेल मिळतं, दुसरं विमान मिळतं. रँकिनला वादळात अडकलात तर गावात मोजक्याच खोल्या असतात आणि विमानातले सगळेच प्रवासी त्या शोधत असतात. आडवी फेरी तीन दिवसांनी असेल तर वळसा घ्या. उद्याच असेल तर थांबा.

किती वेळ राखून ठेवायचा

कॅनडाचं हवामान खातं वृक्षरेषेच्या (जिच्यापलीकडे झाडं उगवत नाहीत त्या रेषेच्या) उत्तरेला हिमवादळाचा इशारा देतं तेव्हा वारा ताशी ४० किलोमीटर किंवा जास्त, दृश्यता ४०० मीटर किंवा कमी, आणि हे किमान सहा तास टिकणार असा त्याचा अर्थ असतो. चार तासांच्या प्रवासाच्या मध्ये सहा तासांचं वादळ येऊन बसलं की मिनिटांचा हिशोब व्यर्थ आहे. हिवाळ्यात इकालुइटहून पुढे लहान गावाचं विमान पकडायचं असेल तर मध्ये एक पूर्ण दिवस ठेवा, आणि सगळे टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. मग एक टप्पा चुकला तर पुढची सोय लावणं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं, तुमच्या नाही.

उशिराचं दुसरं कारण इंधन. इथे एक विमानतळ बंद झाला तर पर्यायी विमानतळ शेकडो किलोमीटर दूर असतो. तिथपर्यंत जायचं इंधन घेऊनच निघावं लागतं. इंधन वाढलं की वजनात काटछाट होते आणि पहिली कात्री सामानाला लागते. म्हणून औषधं, चार्जर, एक गरम कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेतच ठेवा. बॅग दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आली तर उणे ३० मध्ये अंगावरच्या जाकिटावर दिवस काढायची वेळ येऊ नये. त्याखेरीज थंडीत पंखांवरचा बर्फ काढण्याची फवारणी असतेच. ती वेळापत्रकात कधी धरलेली असते, कधी नसते, तुम्ही २० मिनिटं धरून चाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिन्ही ठिकाणचा विमानतळांसाठीचा हवामान अंदाज बघा. लोक दोन टोकांचा बघतात आणि मधलं गाव विसरतात. रँकिनला उतरणं शक्य नसेल आणि इंधन पुरत असेल तर विमान ते गाव वगळून थेट इकालुइटला जाऊ शकतं. अशा दिवशी तुम्ही वेळेच्या तासभर आधी पोचाल, तेव्हा घ्यायला येणाऱ्याला तिकिटावरची वेळ सांगून ठेवू नका. फ्लाइट नंबर द्या आणि विमान कुठे आहे ते त्याला ऑनलाइन बघत राहायला सांगा.